रक्तातील विळा आणि जनुकाचे बंद दार

वैनगंगेच्या पश्चिमेस, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ब्रह्मपुरी हे तालुक्याचे ठिकाण आहे. जुन्या चांदा जिल्ह्याचा हा भाग झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. नदीपलीकडे वडसा व आरमोरी, आणि त्यांच्याही पलीकडे गडचिरोलीचे अरण्य. तो जिल्हा चंद्रपुरातून वेगळा काढण्यात आला १९८२ साली. भात हे येथील मुख्य पीक, गावोगावचे मालगुजारी तलाव हा त्या पिकाचा आधार, आणि धान कापण्याचे हत्यार म्हणजे विळा. त्याच विळ्याचा आकार धारण करणाऱ्या रक्तपेशींचा एक आजार या मुलखातील पुष्कळ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. वैद्यकाच्या ग्रंथांतून त्यास सिकलसेल पांडुरोग असे म्हणतात. खेड्यातील माणूस नुसते ‘सिकल’ म्हणतो, आणि तेवढ्या एका शब्दाने शेजाऱ्यास काय समजावयाचे ते समजते.

हा आजार ज्या मुलास असतो त्याची हकीकत बहुधा एकाच रीतीने सांगितली जाते. मूल जन्मले तेव्हा चांगले बाळसेदार होते. पहिले पाच-सहा महिने त्याने कसलाही त्रास दिला नाही. मग एके दिवशी त्याचे हातापायांचे पंजे सुजले, ते कळवळून रडू लागले, आणि तेव्हापासून दुखण्याची माळ सुरू झाली. कधी ताप, कधी कावीळ, कधी पोटात डाव्या बाजूस पाणथरी वाढलेली; थंडीच्या दिवसांत किंवा पाणी कमी पोटात गेले म्हणजे हाडांतून असह्य कळा. घरातील वडील माणसे दृष्ट लागली म्हणतात, कोणी वाताचा विकार म्हणतात. ऐकणाऱ्याचे लक्ष साहजिकच दुखण्याकडे जाते. परंतु या हकीकतीतील खरोखर विचार करण्याजोगा भाग पहिला आहे. आजाराचे बीज तर मूल आईच्या पोटात असतानाच त्याच्या रक्तात होते. मग पहिले सहा महिने ते स्वस्थ का बसले? हा प्रश्न दिसावयास साधा, पण त्याचा पाठपुरावा करता करता शास्त्रज्ञ मानवी जनुकांच्या कारभारातील एका फार आतल्या दालनात जाऊन पोहोचले. आणि या रोगावरील अगदी अलीकडचे उपचार त्या दालनातूनच बाहेर आले आहेत.

आजाराची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती फार दूर. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटातून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्याचे प्रसिद्ध केले. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, या रोग्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्यच मुळी निराळे आहे. रोगाचे मूळ एका रेणूत दाखविता येते ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. तो फरक केवढा, हे १९५६-५७ च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे निश्चित केले. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन आल्फा व दोन बीटा. चारी साखळ्यांत मिळून अमिनो आम्लांचे ५७४ मणी ओवलेले असतात. त्यांपैकी प्रत्येक बीटा साखळीतील सहावा मणी तेवढा बदललेला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. जनुकाच्या लिपीत पाहिले तर हा एका अक्षराचा फरक होय. जेथे ‘ए’ असावयाचा तेथे ‘टी’ पडलेला आहे.

एका अक्षराने एवढा अनर्थ व्हावा याचे आश्चर्य वाटेल, पण कारण स्पष्ट आहे. फुफ्फुसातून प्राणवायू घेऊन निघालेले हे हिमोग्लोबिन जोवर प्राणवायूने भरलेले असते तोवर सुरळीत वागते. तो प्राणवायू शरीरास देऊन ते रिकामे झाले की त्याचे रेणू एकमेकांस चिकटतात, त्यांचे ताठ दोर बनतात, आणि मऊ, गोल असलेली रक्तपेशी आतून ताणली जाऊन वाकडी होते. अशा पेशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून जाऊ शकत नाहीत. जेथे त्या अडतात तेथे कळ उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी जेमतेम १० ते २० दिवस. पांडुरोग व कावीळ यांचे कारण तेच.

सदोष जनुक केवळ आईकडून किंवा केवळ वडिलांकडून आलेले असेल तर मनुष्य वाहक ठरतो आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोन्हीकडून आले तरच रोग होतो. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास हा धोका चारांत एक इतका असतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुटले, असा हिशेब येथे चालत नाही. वाहकांची संख्या अरण्यप्रदेशांत अधिक का, याचा उलगडा अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून केला: वाहकाच्या शरीरात हिवतापाचे जंतू तितक्या जोमाने वाढू शकत नाहीत. ज्या रानात हिवताप माणसे मारीत होता तेथे हे जनुक काही पिढ्या माणसे वाचवीत होते. महाराष्ट्रात आजही हिवतापाचा मोठा उपद्रव गडचिरोली जिल्ह्यात आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हिंदुस्थानात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मध्य भारतातील त्याचे अस्तित्व नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या वैद्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ पत्रात मांडले. पुढे पुण्याचे डॉक्टर सुदाम काटे यांनी अनेक वर्षे खेडोपाडी फिरून महाराष्ट्रातील जमातींची तपासणी केली. माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ पर्यंत असल्याचे त्यांच्या कार्यातून पुढे आले. हा आजार केवळ आदिवासींचा अशी एक समजूत आहे, तीही बरोबर नाही. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, आणि तेली, कुणबी इत्यादी समाजांतही तो आढळतो. ब्रह्मपुरीसारख्या गावी, जेथे शिक्षणासाठी व औषधोपचारासाठी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील माणसे येतात, तेथे ही गोष्ट कोणाही वैद्यास निराळी सांगावी लागत नाही.

आता त्या सहा महिन्यांकडे वळावयाचे. १९४८ साली न्यूयॉर्क येथे जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ विदुषींनी एक गोष्ट टिपली. सदोष जनुक असलेल्या नवजात अर्भकांचे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यात वाकड्या पेशी फारच थोड्या निघाल्या. आईच्या रक्तात मात्र त्या विपुल होत्या. त्यांनी तर्क केला की, अर्भकाच्या रक्तात गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन शिल्लक असते आणि तेच त्याचे संरक्षण करीत असावे. मोठ्या यंत्रसामग्रीवाचून, केवळ नीट पाहिल्यामुळे लागलेला हा शोध आहे. आजवर या रोगासंबंधी जे पुष्कळ लिहिले गेले त्यात इतके थोडक्यात इतके मोठे क्वचितच कोणी सांगितले असेल.

गर्भाला स्वतः श्वास घेता येत नाही. त्याला प्राणवायू मिळवावयाचा तो आईच्या रक्तातून. त्यासाठी त्याचे हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायूस अधिक घट्ट धरणारे असावे लागते. निसर्गाने ही सोय अशी केली आहे की, गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्यांच्या जागी गॅमा नावाच्या साखळ्या असतात. गॅमा साखळीची जनुके निराळी आणि बीटाचे निराळे, पण दोन्ही अकराव्या गुणसूत्रावर एकाच रांगेत वसलेली आहेत: प्रथम गर्भाच्या अगदी आरंभी चालणारे जनुक, मग गॅमाची दोन, आणि शेवटी प्रौढपणी उपयोगी पडणारी दोन, त्यांत बीटा अखेरचे. वयाच्या क्रमाने रांग लावावी तशी ही रचना आहे. जन्माच्या सुमारास गॅमाची जनुके मंदावतात आणि बीटाचे जनुक जोरात चालू लागते. सहा महिने ते वर्षभरात हा खांदेपालट बहुतेक पुरा होतो; प्रौढ माणसात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन सामान्यतः शेकडा एकाहूनही कमी उरते. सिकलचा दोष बीटाच्या जनुकात आहे. तेव्हा जोवर गॅमाचे राज्य तोवर मूल सुखरूप, आणि बीटाचे राज्य आले की दुखण्यास आरंभ. घरच्या माणसांनी सांगितलेली हकीकत अक्षरशः खरी असते.

परंतु गॅमाची जनुके नष्ट झालेली नसतात. ब्रह्मपुरीच्या पन्नास वर्षांच्या शेतकऱ्याच्या शरीरातही ती जशीच्या तशी, एकही अक्षर न पुसता, शाबूत असतात; केवळ त्यांचे दार बंद असते. दार बंद कोण करतो आणि ते उघडण्याचा अधिकार कोणाचा, हा पुढचा प्रश्न.

जनुक म्हणजे पेटीत ठेवलेल्या ग्रंथातील एक पान. त्याचा उपयोग व्हावयाचा तर त्याची नक्कल उतरवून घ्यावी लागते, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन तयार करते. नक्कल उतरविण्याच्या या क्रियेस प्रतिलेखन असे म्हणतात. कोणत्या पानाची नक्कल केव्हा काढावयाची हे ठरविणारी प्रथिने स्वतंत्र असतात. त्यांस प्रतिलेखन-घटक म्हणावे. ती जनुकाच्या आरंभापूर्वी असलेल्या काही ठरावीक अक्षरांवर येऊन बसतात. गॅमा जनुकाच्या दारापाशी अशी पाच अक्षरे आहेत: सी, सी, ए, ए, टी. ही पाच अक्षरे ओळखणारे प्रथिन १९८७ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे उंदरांच्या रोगप्रतिकारविषयक जनुकांचा अभ्यास चालू असता सापडले. त्या जनुकांपुढील दोन खुणांस संशोधकांनी बीजगणितातल्याप्रमाणे ‘एक्स’ आणि ‘वाय’ अशी नावे दिली होती. त्यांपैकी ‘वाय’वर बसणारे म्हणून या प्रथिनाचे नाव एन-एफ-वाय पडले. एवढ्या थोर अधिकाऱ्यास असे रुक्ष नाव मिळावे हे त्याचे दुर्दैव. पण रूढ झालेले नाव आता बदलता येत नाही.

एन-एफ-वाय हे एकट्याचे प्रथिन नव्हे. त्याचे तीन उपघटक आहेत, ए, बी व सी, आणि प्रत्येकाचे जनुक वेगळ्या गुणसूत्रावर आहे: ए चे सहाव्या, बी चे बाराव्या आणि सी चे पहिल्या गुणसूत्रावर. तिघांची जुळणी कशी होते हे समजण्यास शेतातील दृष्टान्त पुरेसा आहे. बी आणि सी हे दोन बैल. ते प्रथम एकमेकांशी जुंपले जातात. एकट्या बैलाला नांगर लावता येत नाही, त्याप्रमाणे त्यांतील एकट्याशी ए जुळत नाही. जोडी जुंपली गेली म्हणजे मग ए हा नांगर तिला लागतो. डीएनएच्या पिळलेल्या दोरीला दोन खाचा असतात, एक रुंद व एक अरुंद. ए चा एक टोकदार भाग अरुंद खाचेत, फाळ मातीत शिरावा तसा शिरतो आणि सी-सी-ए-ए-टी ही अक्षरे चाचपून ओळखतो. बी व सी ही जोडी डीएनएला शेजारी धरून वाकविते. या जुळणीचे स्फटिकचित्र २०१३ साली प्रसिद्ध झाले, आणि तोवर अनुमानाने सांगितली जाणारी गोष्ट प्रत्यक्ष पाहता आली.

सहाव्या गुणसूत्रावरील एन-एफ-वाय-ए हे जनुक ३४७ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार करते. पेशीच्या गरजेप्रमाणे त्याची थोडी आखूड आवृत्तीही निघते. हा नांगर केवळ गॅमाच्या शेतात चालतो असे मात्र नाही. शरीरातील बहुतेक सर्व प्रकारच्या पेशींत तो असतो आणि असंख्य जनुकांच्या दारी त्याची हजेरी लागते, विशेषतः पेशींच्या विभाजनाशी संबंधित जनुकांच्या. उंदराच्या गर्भातून या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या तर तो गर्भ अगदी आरंभीच मरतो, असे २००३ साली दिसून आले. किंबहुना किण्वासारख्या एकपेशीय जीवातही याच कुळातील उपघटक आढळतात, म्हणजे हा कारभारी मनुष्यजातीहून कितीतरी पुरातन आहे.

येथे एक अडचण उभी राहते. एन-एफ-वाय जर प्रौढ माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींतही हजर असेल, आणि गॅमा जनुकापुढची पाच अक्षरेही जशीच्या तशी असतील, तर मग प्रौढपणी हे दार बंद का? नांगर आहे, शेतही आहे, पण पेरणी नाही.

उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका प्रथिनाच्या शोधातून. २००७ व २००८ साली अनेक माणसांच्या जनुकांची तुलना करीत असता असे दिसले की, ज्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन थोडे अधिक उरते त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दुसऱ्या गुणसूत्रावर, बी-सी-एल-११-ए या जनुकात, ठरावीक फरक असतात. बॉस्टन येथे स्ट्युअर्ट ऑर्किन व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, हे जनुक गॅमाचा पहारेकरी तयार करते. हा पहारेकरी गर्भाच्या रक्तपेशींत अल्प असतो आणि जन्मानंतर वाढतो. तो कामगिरी कशी बजावतो हे त्याच संशोधकमंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केले, आणि या सबंध प्रकरणातील सर्वांत रम्य भाग हाच म्हणावा लागेल. गॅमा जनुकापुढे सी-सी-ए-ए-टी ही खूण लागोपाठ दोनदा आली आहे. एन-एफ-वायची बैठक जवळच्या खुणेवर. पहारेकऱ्याची बैठक सुमारे तीस अक्षरे मागे, दुसऱ्या खुणेला लागून. दोघांच्या जागा वेगळ्या, पण अंतर इतके थोडे की दोघे एकाच वेळी मावत नाहीत. बी-सी-एल-११-ए येऊन बसला म्हणजे एन-एफ-वायला टेकावयास जागाच उरत नाही. कुलूप नाही, झटापट नाही; अरुंद बाकावर धिप्पाड माणूस आधी येऊन बसावा आणि दुसऱ्यास उभे राहावे लागावे, इतकाच हा प्रकार. प्रयोगशाळेत पहारेकऱ्यास दूर केले तेव्हा थोड्याच वेळात एन-एफ-वाय आपल्या जागी येऊन बसले, आणि गॅमाचे जनुक त्यानंतर चालू झाले. कोण आधी व कोण मागाहून हा क्रम सिद्ध झाला, म्हणून कारण कोणते आणि कार्य कोणते याविषयी शंका राहिली नाही.

गॅमा चालू झाला म्हणजे बीटा आपोआप मंदावतो, त्याचेही कारण आहे. या जनुकांच्या रांगेपासून काही अंतरावर डीएनएचा एक तुकडा आहे. रांगेतील सर्व जनुकांना जोर मिळतो तो त्याच्यापासून. डीएनएची दोरी वळसा घेऊन हा तुकडा एका वेळी एकाच जनुकाच्या दाराशी आणते. झाडीपट्टीतील शेतकऱ्यास हे फोड करून सांगण्याची गरज नाही. तलाव एक, पाट एक. पाणी वरच्या बांधीत वळविले तर खालच्या बांधीत पाणी पोहोचत नाही. गॅमाकडे पाणी वळले तर सदोष बीटाचे पीक कमी येते. सिकलच्या रोग्यास नेमके हेच हवे असते: चांगले हिमोग्लोबिन वाढावे आणि वाईट कमी व्हावे.

निसर्गाने हा प्रयोग काही कुटुंबांत स्वतःच करून ठेवला आहे. ग्रीसमधील काही घराण्यांत प्रौढपणीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ असते आणि त्यांना त्यापासून काहीही अपाय होत नाही. त्यांच्या गॅमा जनुकापुढे, पहारेकऱ्याच्या बैठकीतच, एक अक्षर बदललेले असल्याचे १९८५ साली आढळले होते. त्या अक्षरामुळे पहारेकऱ्यास तेथे बसता येत नाही, हा अर्थ लागण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. हिंदुस्थानातही याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट आहे. येथील सिकलचे जनुक आफ्रिकेतील जनुकाहून वेगळ्या पार्श्वभूमीवर आले आहे. त्यास अरब-भारतीय प्रकार म्हणतात, कारण पूर्व अरबस्तानातही तोच आढळतो. या प्रकारात गॅमा जनुकापुढील एका अक्षराचा फरक असतो आणि रोग्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन आफ्रिकी रोग्यांपेक्षा साधारणतः अधिक असते. ओरिसातील रोग्यांचे १९८६ च्या सुमारास वर्णन झाले तेव्हा तेथील आजार सौम्य असल्याचे दिसले, आणि त्यावरून भारतीय सिकल सौम्यच असतो असा एक समज रूढ झाला. विदर्भाच्या बाबतीत तो समज फसवा ठरला. नागपूरच्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवरून असे दिसते की, येथील पुष्कळ मुलांना तीव्र वेदनांचे झटके येतात, वारंवार रक्त द्यावे लागते आणि जंतुसंसर्गाने त्यांचे प्राणही जातात. सौम्य म्हणून ज्या आजाराकडे दुर्लक्ष झाले त्याने येथील कुटुंबांचे किती नुकसान केले असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

उपचारांपैकी जुना व अजूनही फार उपयोगी म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढ रोग्यांच्या वेदनांचे झटके त्यामुळे जवळजवळ निम्मे झाले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते, इतके नक्की. गोळी मानाने स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यांतून मिळते. मात्र ती रोज घ्यावी लागते आणि मधून मधून रक्ताची तपासणी करवून घ्यावी लागते. अरण्यातील खेड्याहून पावसाळ्यात नाले ओलांडून तपासणीस येणे ही काय गोष्ट आहे, हे शहरातील वैद्यास सांगूनही नीट कळत नाही.

दुसरा मार्ग थेट पहारेकऱ्याचा बंदोबस्त करण्याचा. एन-एफ-वाय वाढवून दार उघडावे हा विचार सुचण्याजोगा आहे, परंतु तो टिकत नाही. हे प्रथिन शरीरभर असंख्य जनुकांचे काम पाहते. त्याला चिथावणे म्हणजे एका शेतासाठी सबंध गावचा पाट फोडणे होईल. म्हणून संशोधकांनी ते जसेच्या तसे ठेवले आणि पहारेकऱ्यासच हलविले, तेही रक्तपेशींपुरते. बी-सी-एल-११-ए च्या जनुकात त्याला रक्तपेशींमध्ये जोर देणारा एक लहानसा भाग आहे, तो २०१३ साली सापडला. रोग्याच्या मज्जेतील मूळपेशी बाहेर काढावयाच्या, क्रिस्पर या जनुकीय कातरीने तो भाग तोडावयाचा आणि त्या पेशी परत शरीरात घालावयाच्या, अशी ही रीत. तीवर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचारास ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रोग्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता त्यांपैकी २९ जणांना किमान सलग १२ महिने तीव्र झटका आला नव्हता.

ही किमया खरी, पण तिची किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय नव्या पेशींस जागा करून देण्यासाठी रोग्याच्या जुन्या मज्जेचा आधी तीव्र औषधांनी नाश करावा लागतो, त्यास महिनोगणती मोठ्या रुग्णालयात राहावे लागते आणि पुढे संतती होण्याची शक्यता धोक्यात येते. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एका सरकारी संशोधनसंस्थेने तयार केलेली ‘बिरसा १०१’ ही देशी जनुकचिकित्सा जाहीर करण्यात आली आणि तिच्या पुढील विकासासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. बिरसा मुंडा यांचे नाव तिला देण्यात औचित्य आहे. तथापि घोषणा निराळी आणि वडसा किंवा ब्रह्मपुरी येथील रोग्यास तो उपचार मिळणे निराळे. जाहीर झाली त्या वेळी ती नित्याच्या वापरातील चिकित्सा नव्हती.

दरम्यान तपासणीचे काम वाढले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूर येथे हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र राष्ट्रार्पण करण्यात आले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे. तपासणीनंतर प्रत्येकास आपली स्थिती दाखविणारे पत्र द्यावयाचे, म्हणजे विवाह ठरविताना दोन्ही घरांना विचार करता येईल, अशी योजना आहे. हे पत्र मुलीच्या बाबतीत तिला नाकारण्याचे साधन होऊ नये एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे. वाहक असणे हा आजार नव्हे, आणि वाहक व अवाहक यांच्या विवाहातून रोगी मूल जन्मास येत नाही.

तपासणीच्या बाबतीत गॅमाच्या त्या सहा महिन्यांचा एक व्यावहारिक परिणाम आहे, तो आईबापांनी आणि आरोग्यसेविकांनी ध्यानात ठेवावा. खेड्यापाड्यांतून जी सोपी, स्वस्त, रक्ताच्या गढूळपणावरून निदान करणारी चाचणी वापरतात, ती सहा महिन्यांखालील बालकाच्या बाबतीत भरवशाची नाही. त्या वयात रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते, सदोष हिमोग्लोबिन थोडे असते आणि पाणी स्वच्छच राहते. तिसऱ्या महिन्यात ‘दोष नाही’ असे सांगितलेले मूल दहाव्या महिन्यात हातपाय सुजून दवाखान्यात येते ते यामुळे. अशा लहान बालकांसाठी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरील चाचणीच करावी लागते. तिच्याने अगदी पहिल्या आठवड्यातही दोष कळतो, आणि तो कळला तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलीन सुरू करता येते. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज दिलेल्या पेनिसिलीनने या मुलांतील न्यूमोकॉकस जंतूचे घातक संसर्ग शेकडा ८४ नी कमी झाले होते. आणि पेनिसिलीन ब्रह्मपुरीच्या कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळू शकते.